वैशाखातली फुले आणि त्यांचे पाहुणे

नागपूरचा उन्हाळा हा साऱ्या महाराष्ट्राच्या थट्टेचा विषय आहे. पुण्यामुंबईचा सोयरा एप्रिल उजाडला की आमच्याकडे यायचे टाळतो, आणि लग्नकार्यासाठी यावेच लागले तर कूलरसमोरची जागा सोडीत नाही. त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. २०१३ सालच्या मे महिन्यात येथला पारा ४७.९ अंशांपर्यंत चढला होता. अशा दिवसांत दुपारी रस्ते ओस पडतात, कुत्री नालीच्या ओलीत जाऊन निजतात आणि झाडांच्या सावल्यासुद्धा आटल्यासारख्या वाटतात. या दिवसांत नागपूरला फुले फुलतात असे म्हटले, तर ऐकणारा फार तर रस्त्यावरच्या गुलमोहराकडे बोट दाखवील.

मला मात्र गुलमोहराविषयी लिहावयाचे नाही. तो लावलेला आहे, त्याला मान मिळतो आणि कवीही मिळतात. मला लिहावयाचे आहे ते कोणी न लावलेल्या फुलांविषयी. नाल्याच्या काठी, रेल्वेच्या रुळांलगत, पाडलेल्या घराच्या जोत्यावर, सेमिनरी हिल्सच्या उतारावर आणि सातबाऱ्यावर जिची नोंद 'पडीत' अशी होते त्या जमिनीवर ती फुलतात. त्यांतली काही या भूमीची आहेत, काही सातासमुद्रांपलीकडून आलेली आहेत. दोहोंवर मधमाश्या, भुंगे आणि फुलपाखरे सारख्याच लगबगीने येतात.

या फुलांकडे माझे लक्ष माझ्या एका चुकीमुळे गेले. मी ज्या शाळेत होतो तिच्या मागल्या भिंतीला लागून थोडी जागा मोकळी होती. एप्रिलअखेर शाळेच्या स्वच्छतेची तपासणी व्हावयाची होती आणि आवाराचे काम माझ्याकडे होते. मी शिपाईकाकांना सांगून एका सकाळी ती जागा साफ करून घेतली. रुईची तीन झुडपे, भुईरिंगणीचे काटेरी जाळे, एकदांडी, पिवळा धोत्रा आणि भिंतीला टेकलेली घाणेरी असे सारे छाटून, वाळवून पेटवून दिले. तपासणी उत्तम पार पडली. दुसऱ्या दिवशी सातवीतली एक मुलगी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "सर, रुईवरच्या अळ्या आता काय खातील जी?"

मी म्हणालो, "जातील दुसरीकडे."

"दुसरीकडे रुई कुठं आहे जी?"

मला उत्तर देता आले नाही. मी इतिहास शिकविणारा माणूस. वनस्पतिशास्त्राशी माझा कधी संबंध आला नाही. परंतु आपण जे पेटविले ते काय होते, केव्हापासून येथे होते आणि कोणाच्या उपयोगी पडत होते, एवढे तरी जाणून घ्यावे असे मनाने घेतले. इतिहासाच्या शिक्षकाला एकच रीत ठाऊक असते : कोण केव्हा आले आणि त्याची नोंद कोणी केली, हे शोधावयाचे. त्या रीतीने जे हाती आले ते येथे मांडतो.

सर्वांत जुनी नोंद कागदावरची नाही, दगडावरची आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपूरला आले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय आजही नागपुरात आहे. त्यांना धर्मप्रसाराइतकाच खडकांचा नाद होता. आपले सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपूरच्या परिसरातील खडकांचा आणि जीवाश्मांचा अभ्यास केला, आणि त्यांचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात १८५५ साली छापून आला. दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत असताना मधल्या शांततेच्या काळात तळी साचली, त्यांच्या गाळात पाने, फळे, बिया आणि किडे पुरले गेले, आणि वरून पुन्हा लाव्ह्याने झाकण घातले. टाकळी हे तेव्हाचे गाव आज शहराच्या पोटात गेले आहे. तेथल्या अशाच गाळाच्या थरांत हिस्लॉप यांना फळे व बिया मिळाल्या. नागपूरच्या या थरांतील किड्यांच्या जीवाश्मांवर, म्हणजे भुंगेऱ्यांच्या पंखांवरील कठीण कवचांवर, अँड्र्यू मरे यांनी १८६० साली टिपण प्रसिद्ध केले. पुढे ४ सप्टेंबर १८६३ च्या रात्री, टाकळघाटच्या प्राचीन शिलावर्तुळांचे उत्खनन पाहून परत येत असताना, पुराने फुगलेल्या ओढ्यात हिस्लॉप बुडून मरण पावले.

दगडातले फूल मिळाले ते आणखी ऐंशी वर्षांनी. सातपुडा चढून गेले की छिंदवाडा जिल्ह्यात मोहगाव कलान हे गाव लागते. जुन्या मध्यप्रांताची राजधानी नागपूर असल्यामुळे तो मुलूख तेव्हा आमच्याच अभ्यासकांच्या पायाखालचा होता. लखनौचे थोर पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी तेथल्या एका अश्मीभूत फळाचे वर्णन आधीच केले होते. नागपूरच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राध्यापक व्ही. बी. शुक्ल यांना त्याच थरात त्या फळाशी नाते सांगणारी फुले सापडली. गारगोटीसारख्या दगडात ती आपल्या अवयवांसह टिकली होती. १९४४ साली शुक्लांनी त्या फुलाला आपल्या गुरुस्थानी असलेल्या साहनींचे नाव दिले : साहनिअँथस. याच थरांवर पुढे नागपूरच्या डॉ. श्यामला चितळे यांनीही काम केले आणि नंतर त्या अमेरिकेत क्लीव्हलँडच्या संग्रहालयात गेल्या.

हे फूल सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे आहे. अभ्यासक त्याला ज्या कुळात बसवितात ते कुळ आमच्या ओळखीचे निघाले, याचा मला विशेष आनंद झाला. ते मेंदीचे कुळ होय. महाराष्ट्राचे राज्यपुष्प ठरलेले ताम्हण त्याच कुळातले. आणि सातपुड्याच्या उतारांवर ऐन उन्हाळ्यात, पाने विरळ झालेली असताना, लालभडक नळकांडी फुलांनी लगडलेली धायटी, तीही त्याच कुळातली. धायटीच्या फुलांवर शिंजीर हा इवलासा पक्षी वाकडी चोच घालून मध पितो. वैद्यलोक आसवे आणि अरिष्टे करताना आंबविण्यासाठी हीच फुले घालतात. तेव्हा 'मूळचे' हा शब्द जर कोणाला शोभत असेल तर तो या धायटीला. भोसले आले, त्याआधी गोंड राजा बख्त बुलंदाने अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर वसविले. परंतु धायटीच्या कुळाचे येथले वास्तव्य मोजावयाला शतके पुरत नाहीत.

या भूमीच्या इतर उन्हाळी फुलांना आपल्या परंपरेत जागा आहे, पण पाहणारा नाही, अशी आजची स्थिती आहे. पळसाचे तसे नव्हे. फाल्गुनात पळस पेटला की साऱ्यांना दिसतो; होळीचा रंग त्याच्या फुलांचा होत असे. पळसाला पाने तीनच ही म्हण तर घरोघरची. मात्र पळसाच्या फुलांवर येणाऱ्यांतले कोण खरे कामाचे, हे नीट तपासले गेले ते अलीकडे. दिल्लीच्या अभ्यासकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे आढळले की, येणाऱ्यांची गर्दी मोठी असली तरी पराग पोचविण्याचे काम प्रामुख्याने दोघे करतात : जांभळा शिंजीर आणि पाठीवर पट्टे असलेली आपली खार. खारीने फुले कुरतडून टाकली म्हणून तिच्यावर दगड भिरकावणारी मुले मी पाहिली आहेत. तिची सेवा सेतुबंधनापाशीच संपली नव्हती, असे आता त्यांना सांगावे लागेल.

भुईरिंगणी आणि गोखरू या दोन काटेरी वनस्पती आयुर्वेदाच्या दशमुळांत मोडतात. दोन्ही जमिनीला चिकटून पसरतात, दोन्ही अनवाणी पायाच्या वैरी, आणि दोन्ही नागपूरच्या कोणत्याही मोकळ्या मैदानात सापडतात. गोखरूचे फूल पाच पाकळ्यांचे, पिवळे. भुईरिंगणीचे फूल वांग्याच्या फुलासारखे जांभळे, मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा जुडगा. या जुडग्याचे एक वैशिष्ट्य आहे. त्यात पराग बंद असतात. मिठाच्या डबीला असावे तसे टोकाशी फक्त बारीक छिद्र असते. नेहमीची मधमाशी आली तर तिला फारसे काही मिळत नाही. पण लाकूड पोखरून घर करणारा मोठा काळा भुंगा येतो, त्या जुडग्याला मिठी मारतो आणि पंख न हलविता आपल्या छातीचे स्नायू अशा वेगाने थरथरवितो की, पराग त्या छिद्रांतून धुरळ्यासारखे बाहेर पडतात. कान देऊन ऐकले तर त्या क्षणी त्याचा सूर बदललेला कळतो. उडतानाचा घुमार निराळा आणि फुलावरचा हा तीव्र आवाज निराळा. शाळेच्या मागे हा आवाज होत असे आणि तो मी कधी ऐकला नव्हता, हे मला कबूल केले पाहिजे.

रुईची गोष्ट याहूनही नवलाची. शनिवारी मारुतीला रुईची माळ घालतो तेवढाच आपला तिच्याशी संबंध. परंतु रुईचे पराग सुटे नसतात. ते मेणचट पुरचुंड्यांच्या जोड्यांत बांधलेले असतात. भुंगा मधासाठी फुलावर बसला की त्याचा पाय फुलाच्या एका चिरेत अडकतो, आणि तो ओढून काढताना पुरचुंड्यांची जोडी पायाला लटकून बाहेर येते. दुसऱ्या फुलावर तसाच पाय अडकला की ती तेथे पोचती होते. लहानसहान माशीला ही ओढाताण झेपत नाही. म्हणून रुईचा भरवसा त्या दांडग्या भुंग्यावर. शिवाय रुईच्या पानांवर तांबूस-केशरी पंखांच्या एका फुलपाखराच्या अळ्या वाढतात. काळे, पांढरे, पिवळे पट्टे असलेल्या या अळ्या रुईचा विषारी चीक पचवून अंगात साठवितात. त्यामुळे पाखरू झाल्यावरही पक्षी त्याच्या वाटेस जात नाहीत. सातवीतल्या मुलीने ज्यांच्याविषयी विचारले त्या या अळ्या. त्या खाऊन खाऊन रुई किंवा तिचे सोयरेच खातात. घाणेरीची शंभर फुले समोर ठेवली तरी त्यांचा उपयोग नाही.

आता बाहेरून आलेल्यांकडे वळू. १४९२ साली कोलंबस अमेरिकेला लागला आणि १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला. या दोन घटनांत अंतर सहाच वर्षांचे. त्यानंतर एका खंडातले बी दुसऱ्या खंडात पडावयाला वेळ लागला नाही. मिरची, तंबाखू, पेरू यांच्या मागोमाग अनेक अनाहूतही आले. आपल्या भाषेने त्यांची नोंद कशी केली हे पाहण्यासारखे आहे. काहींच्या नावाला तिने 'विलायती' हे बिरूद लावून ठेवले : विलायती चिंच, विलायती बाभूळ. काहींना जुन्या ओळखीच्या नावात सामावून घेतले. मेक्सिकोहून आलेल्या काटेरी पानांच्या पिवळ्या फुलाला 'पिवळा धोत्रा' म्हटले, जरी धोत्र्याशी त्याचे काही नाते नाही आणि ते खसखशीच्या कुळातले आहे. आणि एकाला तर सीतेचे नाव दिले. विदर्भाच्या टेकड्यांवर रानोमाळ वाढणारे सीताफळ अमेरिकेतले आहे, हे आज सांगितले तर कोणाचा विश्वास बसत नाही. उन्हाळ्यात त्याला हिरवट, जाड पाकळ्यांची फुले येतात. ती धड उमलतही नाहीत. त्या अर्धवट उघड्या दारातून बारीक भुंगेरे आत शिरतात आणि परागाचे काम करतात.

उलट प्रकारही घडला आहे. शास्त्रज्ञांच्या पुस्तकांत भुईरिंगणीला एकदा सुरतेचे नाव होते. आता जे नाव ग्राह्य धरतात ते अमेरिकेतल्या व्हर्जिनिया प्रांतावरून आहे. ते लिनिअसने १७५३ साली दिले. झाड इथले, काटे इथले, दशमुळात मान इथला आणि नाव व्हर्जिनियाचे! तेव्हा केवळ नावावरून कोणाचे गाव ठरवू नये.

पाहुण्यांतही स्वभावाचे प्रकार आहेत. एकदांडी हे अमेरिकेतलेच, पण गरीब. लांब दांडीवर एकच लहान फूल, मध्ये पिवळे आणि भोवती फिकट पांढऱ्या, टोकाशी कातरलेल्या पाकळ्या. बाराही महिने फुलते. वैशाखात गवत जळून गेले असताना नळाच्या गळतीपाशी एवढी ओल मिळाली तरी त्याचे भागते, आणि नखाएवढी निळी-पिवळी फुलपाखरे त्याच्यावर दिवसभर येत राहतात. खेड्यांत जखमेवर त्याचा पाला चोळून लावतात. पिवळा धोत्रा त्याहून खडतर. त्याच्या फुलात मध नसतो, मात्र पराग भरपूर. पिलांच्या पोषणासाठी पराग लागतो म्हणून मधमाश्या त्याच्यावर सकाळीच गर्दी करतात. त्याच्या बीचे तेल मात्र विषारी. मोहरीच्या तेलात त्याची भेसळ होऊन १९९८ साली दिल्लीत जलोदरासारख्या सुजेची साथ पसरली आणि कित्येकांचे प्राण गेले.

गाजरगवताविषयी थोडक्यातच लिहितो. त्याच्या फुलात आनंद घेण्यासारखे काही नाही. अमेरिकेच्या पी. एल. ४८० योजनेतल्या गव्हाबरोबर ते आले असे सर्वजण सांगतात. परंतु त्या योजनेचा भारताशी पहिला करार झाला १९५६ च्या ऑगस्टमध्ये, आणि पुण्यात या गवताची दखल घेतली गेली ती १९५५ साली. म्हणजे त्या गव्हाच्या गोणीवर ठेवलेला आरोप तारखांना जुळत नाही. गवत उपद्रवी आहे यात शंका नाही. पण आरोप करतानाही तारीख पाहावी, असे मी मुलांना सांगतो.

सर्वांत बिकट प्रश्न घाणेरीचा. हिला कोणी टणटणी म्हणतात. आमच्याकडच्या जंगलांत रायमुनिया हे नाव अधिक चालते. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानात शोभेचे झुडूप म्हणून आणली गेली. तेथून कुंपणाला, कुंपणावरून माळाला आणि माळावरून जंगलात अशी तिची वाटचाल झाली. तिची फळे पक्ष्यांनी खाल्ली आणि बी सर्वत्र पेरले. तिचा फुलोरा म्हणजे लहान लहान फुलांची परडी. नव्याने उमललेली फुले मधली आणि पिवळी. जुनी होत जाणारी फुले बाहेरची आणि नारिंगी, गुलाबी किंवा लाल. हा निव्वळ शृंगार नव्हे. मध असतो तो पिवळ्या फुलांत. रंग बदललेल्या फुलांत तो नसतो. फुलपाखरांना हे लवकर उमगते आणि ती नेमकी पिवळ्यांवर सोंड टेकवितात. दूरवरून मात्र साऱ्या परडीचा रंग त्यांना बोलावीत असतो. म्हणजे जुनी फुले उपयोग संपल्यावरही पाटीचे काम करतात. दिल्लीचे एच. वाय. मोहन राम आणि गीता माथुर यांनी १९७८ साली याच रंगांचा अभ्यास करून दाखविले की, डोळ्यांना सहज न दिसणारे फुलकिडेही तिच्या परागीभवनात भाग घेतात आणि तेही पिवळा रंगच निवडतात.

इतके सुंदर झुडूप. पण भारतातल्या दीड लाख चौरस किलोमीटरांहून अधिक जंगलात ते पसरले आहे, असे २०२० सालचा एक अभ्यास सांगतो. त्याच्या दाटीखाली गवत उगवत नाही. गवत नाही म्हणून हरणांना चारा नाही. विदर्भातल्या अभयारण्यांत वनखात्याला ते उपटावे लागते. फुलपाखरांपुरते बोलावयाचे तर घाणेरी ही उत्तम खानावळ आहे, पण तेथे त्यांचे बाळंतपण होत नाही. बहाव्याच्या पानांवर, रुईच्या पानांवर, लिंबू-संत्र्याच्या पानांवर ज्यांच्या अळ्या वाढतात ती फुलपाखरे जेवावयाला घाणेरीवर येतात. सारीच खानावळ झाली आणि घर उरले नाही, तर पुढच्या वर्षी जेवावयाला कोण येणार?

या सर्वांची नोंद नागपुरात कोणी केली, हे आता सांगावयाला हवे, कारण ही माणसे आमच्याच गल्ल्यांतून वावरलेली आहेत. येथले कृषी महाविद्यालय १९०६ सालचे. तेथे आर्थिक वनस्पतिशास्त्राचे काम पाहणारे आर. जे. डी. ग्रॅहम यांनी नागपूर आणि तेलंगखेडी येथल्या शेतांवर आढळणाऱ्या रानवनस्पतींची यादी १९११ साली प्रसिद्ध केली. सरकारने त्यांना पिकांसाठी नेमले होते, आणि त्यांनी नोंद ठेवली ती पिकांत कोणी न पेरता उगवणाऱ्यांची! त्यानंतर वीस वर्षांनी, १९३१ साली, ज्याला आम्ही अजब बंगला म्हणतो त्या १८६३ सालच्या संग्रहालयातले ई. ए. डी'अब्रू यांनी मध्यप्रांतातल्या फुलपाखरांची यादी संग्रहालयातर्फे छापली. १९८६ साली एन. आर. उगेमुगे यांचा नागपूर जिल्ह्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ निघाला. आणि २००९ साली आशिष टिपले व अरुण खुरद यांनी नागपूर शहर व परिसरातल्या फुलपाखरांच्या १४५ जाती नोंदविल्या. ज्या शहराला उष्णतेपलीकडे काही नाही असे जग समजते, त्या शहरात एकशे पंचेचाळीस जातींची फुलपाखरे! शंभर वर्षांत चार याद्या म्हणजे मोठी संपत्ती नव्हे, पण एका यादीवर दुसरी ठेवून पाहता येते, आणि काय आले, काय गेले ते त्यावरूनच कळते.

आता ज्या गोष्टीसाठी हे सारे सांगितले तिच्याकडे येतो. नागपूरची ओळख संत्र्याने आहे. संत्रेही मूळचे येथले नव्हे. दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या काळी ते बाहेरून आणले गेले, अशी परंपरा आहे. त्याला वर्षातून दोन बहार येतात. आंबिया बहाराची फुले माघाच्या सुमारास येतात. मृग बहारासाठी शेतकरी एप्रिल-मेमध्ये झाडांचे पाणी तोडतो, त्यांना ताण देतो. मग मृगाचा पाऊस पडला की झाडे फुलांनी भरतात. दोन्ही बहारांत बागेत मधमाश्यांचा गुंजारव असतो आणि बागवाला त्यांना आपल्या मानतो. परंतु मधल्या काळात, चैत्र-वैशाख-ज्येष्ठात, बागेत फूल नसते. शेतात तर काहीच नसते. आंबा, कडुलिंब, करंज यांचाही मोहर एकामागून एक संपत जातो. फुलोरी माशीचे झुडपातले तळहाताएवढे पोळे असो, पोकळीत राहणारी सातेरी असो की उंच इमारतीच्या सज्जाखाली लोंबणारे आग्या मोहोळ असो, त्यांना या दिवसांतही खावेच लागते. शिवाय उन्हाने पोळ्यातले मेण वितळू नये म्हणून माश्या पाणी आणून शिंपडतात आणि पंखांनी वारा घालतात. त्याची मेहनत निराळी. अशा वेळी त्यांचे दुकान उघडे असते ते 'पडीत' जमिनीवर. थोडी एकदांडी, थोडा धोत्रा, गोखरू, ओढ्याकाठची घाणेरी. मृगात संत्र्याला ज्या माश्या हव्यात त्यांना वैशाखात कोणी जगविले, याचा हिशेब बागेच्या वहीत येत नाही.

१९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीत ज्या उद्योगांना हात घातला त्यांत मधमाश्या पाळणे हाही होता. पेटी सुताराकडून करून घेता येते. पेटीबाहेरची बारमाही फुले मात्र कोणत्याही सुताराला करता येत नाहीत. आज आपण मोकळी जागा दिसली की तिच्यावर सिमेंटचे ठोकळे बसवितो, नाहीतर तणनाशक फवारतो, आणि त्याला स्वच्छता म्हणतो. मीही तेच केले होते. फरक एवढाच की माझ्याकडे फवारा नव्हता, काडेपेटी होती.

मग करावे काय? सारेच राखावे असे मी म्हणणार नाही. जंगलात शिरलेली घाणेरी काढलीच पाहिजे; गाजरगवत फुलण्यापूर्वी उपटलेच पाहिजे. पण जे काढावयाचे ते ओळखून काढावे, आणि त्याच्या जागी रुई, धायटी, भुईरिंगणी यांना यावयाला अवकाश ठेवावा. एकदांडीला हाकलून कोणाचा लाभ नाही. मूळचा कोण आणि आलेला कोण हे इतिहासाने सांगावे. कोणाला ठेवावे हे मात्र त्याच्या आजच्या वर्तनावरून ठरवावे. संत्रे बाहेरचे म्हणून कोणी तोडीत नाही.

शाळेमागची ती जागा पुढच्या वर्षी मी तशीच राहू दिली. रुईचे खोड जळले तरी मूळ जमिनीत खोल असते. पहिल्याच पावसात तिला धुमारे फुटले. भुईरिंगणीही बियांतून आली. घाणेरीला मी पुन्हा भिंतीला टेकू दिले नाही. विचारणारी मुलगी तोवर हायस्कुलात गेली होती. पण दर एप्रिलमध्ये सातवीची मुले सकाळच्या शाळेत तेथे वही घेऊन बसतात. वहीत तीन रकाने आखलेले असतात : फुलाचे नाव, ते मूळचे की आलेले, आणि त्याच्यावर कोण येते. पहिले दोन रकाने मी आता पुस्तके पाहून भरून देऊ शकतो. तिसरा रकाना मुलांनाच भरावा लागतो. त्यासाठी उन्हात बसून वाट पाहावी लागते. गेल्या वर्षी एका मुलाने रुईसमोर लिहिले होते : 'काळा भुंगा, दोन वेळा. अळ्या पाच.' मी त्याच्या वहीवर सही केली आणि तारीख घातली.